१५ नंबर ते ८५ नंबर

१४ ऑगस्ट २०२१. अमेरिकेतल्या फ्लॉरिडा राज्यातलं जॅक्सनव्हिल शहर. तिथल्या जॅग्वार्स संघाचा क्लीव्हलंड ब्राउन्सशी सामना. (हा फुटबॉल म्हणजे आपला पायाने खेळायचा नव्हे. हेल्मेटं आणि खांद्यावर चिलखतं घालून एकमेकांच्या अंगावर धावून जातात तो.) सामना हंगामाच्या आधीचा, सरावाचा. निकालाला काडीचीही किंमत नाही. तरी त्यातली काही सेकंदांची एक क्लिप रातोरात सगळीकडे फिरली. ८५ नंबरचा एक धिप्पाड गडी समोरच्याला अडवायला धावतो, पण नेमकं कुणाला अडवायचं हेच त्याला उमगत नसल्यासारखं दिसतं, आणि खेळ त्याच्या बाजूने निघून जातो. लोकांनी ती क्लिप पुन्हापुन्हा बघितली आणि पोट धरून हसले.

त्या दिवशी त्या गड्याचा ३४ वा वाढदिवस होता. तीन दिवसांनी संघाने त्याला नारळ दिला.

त्याचं नाव टिम टीबो. आणि मी मात्र ती क्लिप बघून हसू शकलो नाही, त्याला कारण आहे.

२०११ साली मी ऑनसाइट म्हणून डेन्व्हरला होतो. बर्फ, एकटेपणा आणि फ्रोजन पराठे. रविवारी आम्ही सात-आठ देशी पोरं कुणाच्या तरी अपार्टमेंटमध्ये जमायचो. टीव्हीवर सामना लागलेला असायचा, पण नियम कुणालाच कळत नव्हते. त्या हंगामात मात्र आम्ही सगळे नियम शिकलो, ते ह्या एका माणसामुळे. तेव्हा तो डेन्व्हर ब्रॉन्कोजकडून खेळायचा, त्याच्या पाठीवर १५ नंबर असायचा आणि तो क्वार्टरबॅक होता.

इथे थोडं थांबून ही भानगड समजावून सांगतो, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल.

क्वार्टरबॅक म्हणजे संघाचा मेंदू. प्रत्येक चाल त्याच्या हातून सुरू होते. चेंडू हातात आल्यावर दोन-तीन सेकंदांत समोरच्या अकरा जणांची मांडणी वाचायची, आपला कुठला माणूस मोकळा सुटणार हे ओळखायचं आणि तो जिथे पोचणार तिथे आधीच चेंडू फेकायचा. पगार सगळ्यात जास्त, प्रसिद्धी सगळ्यात जास्त, शिव्याही सगळ्यात जास्त. 'टाइट एंड' म्हणजे त्याच्या अगदी उलट: अर्धा हमाल आणि अर्धा झेलकरी. एका चालीत समोरच्या सव्वाशे किलोच्या राक्षसाला छातीवर घेऊन रोखायचं, पुढच्या चालीत त्याच राक्षसाला चुकवून पळत सुटायचं आणि चेंडू झेलायचा. काम मेहनतीचं आणि बरंचसं न दिसणारं.

टीबोची गोष्ट ह्या दोन जागांमधल्या अंतराची गोष्ट आहे.

त्याचा जन्म १९८७ चा, फिलिपिन्समधल्या मनिला परिसरातला. आईवडील बाप्टिस्ट मिशनरी. पाच भावंडांत हा शेंडेफळ. सगळ्यांचं शिक्षण घरीच, म्हणजे शाळेत नाव नाही. पण १९९६ च्या फ्लॉरिडाच्या कायद्यामुळे घरी शिकणाऱ्या मुलांनाही शाळेच्या संघातून खेळता येत होतं. टीबो आधी जॅक्सनव्हिलच्या ट्रिनिटी ख्रिश्चन अॅकॅडमीकडून खेळला. तिथे त्याला कुठली जागा मिळाली असेल? टाइट एंड! अंगापिंडाने दांडगा पोरगा, कोचने सरळ तिथे उभा केला. त्याला मात्र क्वार्टरबॅकच व्हायचं होतं. मग तो आणि त्याची आई शेजारच्या काउंटीत अपार्टमेंट घेऊन राहायला गेले, केवळ नीज हायस्कूल त्याला क्वार्टरबॅक म्हणून खेळवायला तयार होतं म्हणून. आपल्याकडे नाही का बारावीच्या क्लाससाठी आई पोराबरोबर लातूरला खोली घेऊन राहते, तसलाच प्रकार.

आणि ते फळाला आलं. नीज हायस्कूलने २००५ साली राज्याचं विजेतेपद मिळवलं. मग फ्लॉरिडा विद्यापीठ, कोच अर्बन मायर. अमेरिकेत कॉलेज फुटबॉल हे प्रकरण आपल्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेसारखं नसतं हो. ह्या एका विद्यापीठाच्या मैदानात जवळजवळ ९० हजार माणसं बसतात. २००७ साली टीबोने एकाच हंगामात ३२ टचडाउन चेंडू फेकून आणि २३ स्वतः पळून केले. त्याला कॉलेज फुटबॉलची सर्वोच्च हाइझमन ट्रॉफी मिळाली, आणि दुसऱ्या वर्षात असताना ती मिळवणारा तो पहिलाच खेळाडू ठरला. २००६ आणि २००८ अशी दोन राष्ट्रीय विजेतेपदं. ८ जानेवारी २००९ च्या अंतिम सामन्यात त्याने डोळ्यांखालच्या काळ्या पट्ट्यांवर बायबलमधल्या 'जॉन ३:१६' ह्या वचनाचा आकडा लिहिला होता, आणि त्या रात्री लाखो लोकांनी तो गूगलवर शोधला.

हे सगळं झालं कॉलेजात. व्यावसायिक फुटबॉलचे जाणकार तेव्हाही नाकं मुरडत होते. तो डावखुरा, फेकताना हात खाली नेऊन लांब वळसा घ्यायचा. त्यात अर्धा सेकंद जायचा, आणि एनएफएलमध्ये अर्ध्या सेकंदात तुम्ही जमीनदोस्त झालेले असता. नेम बेभरवशाचा. तरी २०१० च्या ड्राफ्टमध्ये डेन्व्हरने त्याला पहिल्याच फेरीत, २५ व्या क्रमांकावर उचलला.

आता आमचा २०११ चा हंगाम. ब्रॉन्कोज पाच सामन्यांत एक जिंकून चार हरलेले. लोकांचा आरडाओरडा सुरू झाल्यावर टीबोला मैदानात उतरवलं. त्यानंतर जे झालं ते मी आयटीत इतकी वर्षं काढूनही कुणाला पटवून देऊ शकत नाही. पहिली तीन क्वार्टर हा माणूस अतिशय वाईट खेळायचा. खरंच वाईट, त्या हंगामात त्याचे फक्त ४६.५ टक्के पास पोचले, जेव्हा बऱ्या क्वार्टरबॅकचे ६० टक्क्यांच्या आसपास पोचतात. आणि मग शेवटच्या पाच मिनिटांत काहीतरी अंगात यायचं आणि सामना जिंकायचा. सलग सहा वेळा! गुडघा टेकून, मुठीवर कपाळ ठेवून प्रार्थना करायची त्याची सवय, तिची इतकी साथ आली की लोक कुठेही तसे बसून फोटो काढायला लागले. आमच्यातल्या एकाने ऑफिसच्या पार्किंगमध्ये काढला होता :)

८ जानेवारी २०१२. प्लेऑफचा सामना, समोर पिट्सबर्ग स्टीलर्स. बरोबरी, ओव्हरटाइम. ओव्हरटाइमच्या पहिल्याच चालीत टीबोने चेंडू फेकला, डेमॅरियस थॉमसने तो पळता पळता घेतला आणि ८० यार्ड धावत सुटला. अकरा सेकंदांत सामना खलास, २९-२३. त्या दिवशी टीबोचे पासिंगचे एकूण यार्ड किती झाले? ३१६. 'जॉन ३:१६'ला त्याच दिवशी बरोबर तीन वर्षं झाली होती. मी देवभोळा नाही, पण त्या रात्री आमच्या खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या आजींनी मला येऊन मिठी मारली, तेव्हा मीही वाद घातला नाही.

पुढच्याच आठवड्यात न्यू इंग्लंड पेट्रियट्सनी ४५-१० असं धुतलं. आणि मार्च २०१२ मध्ये डेन्व्हरने पेटन मॅनिंगला आणलं. मॅनिंग म्हणजे त्या पिढीतला शहाण्यांचा शहाणा क्वार्टरबॅक. टीबोची रवानगी न्यू यॉर्क जेट्सकडे झाली. मी दुकानात १५ नंबरचा टी-शर्ट सेलमध्ये कवडीमोलाने घेतला.

जेट्सने त्याला आख्ख्या हंगामात आठ चेंडू फेकू दिले. आठ! २०१३ च्या एप्रिलमध्ये त्यांनी सोडलं, जूनमध्ये पेट्रियट्सनी घेतलं, ऑगस्टअखेर सोडलं. २०१५ मध्ये फिलाडेल्फिया ईगल्सनी घेतलं आणि हंगाम सुरू व्हायच्या तोंडावर सोडलं. ह्या सगळ्या वर्षांत त्याला एकच सल्ला सगळीकडून मिळत होता: बाबा रे, जागा बदल. सहा फूट तीन इंच उंची, ११० किलोच्या आसपास वजन, पळतोस छान, धडक घ्यायला घाबरत नाहीस. टाइट एंड हो, दहा वर्षं आरामात खेळशील. त्याचं उत्तर ठरलेलं: मी क्वार्टरबॅक आहे.

हटवादीपणा? मलाही तसंच वाटायचं. पण अमेरिकन फुटबॉलमध्ये 'जागा बदल' ह्या सल्ल्याला एक इतिहास आहे, आणि तो वाचल्यावर माझं मत जरा डळमळलं.

१९६८ मध्ये ह्याच डेन्व्हर ब्रॉन्कोजकडे मार्लिन ब्रिस्को नावाचा कृष्णवर्णीय खेळाडू होता. कॉलेजात क्वार्टरबॅक, पण तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे ड्राफ्टमध्ये त्याला बचावफळीचा खेळाडू म्हणून घेतलं. कृष्णवर्णीय माणूस पळू शकतो, उड्या मारू शकतो, पण संघाचा मेंदू होऊ शकत नाही, असा तो काळ. मुख्य क्वार्टरबॅक जायबंदी झाला म्हणून ब्रिस्कोला संधी मिळाली आणि त्या नवख्या हंगामात त्याने १४ टचडाउन पास फेकले. पुढच्या वर्षी? त्याला क्वार्टरबॅकच्या स्पर्धेतसुद्धा धरलं नाही. तो बाहेर पडला, बफलोला जाऊन रिसीव्हर झाला, म्हणजे चेंडू झेलणारा. नवी जागा शिकत शिकत १९७० साली त्याने १०३६ यार्ड काढले. पुढे मायामी डॉल्फिन्सकडून १९७२ च्या त्या प्रसिद्ध अपराजित हंगामात खेळला, दोन सुपर बोल जिंकला. जागाबदल यशस्वी. पण ती ज्या कारणाने करायला लावली, त्याचं काय?

दुसरा वॉरन मून. १९७८ च्या जानेवारीत रोझ बोलमध्ये सामनावीर ठरलेला क्वार्टरबॅक. त्यालाही जागा बदलायचे सल्ले. त्याने ऐकले नाहीत, एनएफएलच्या ड्राफ्टमध्ये त्याला कुणी घेतलं नाही, तो सरळ कॅनडात एडमंटनला गेला. तिथे संघाने ओळीने पाच वेळा ग्रे कप जिंकला. १९८४ मध्ये तो एनएफएलमध्ये आला, क्वार्टरबॅक म्हणूनच, आणि २००६ साली हॉल ऑफ फेममध्ये गेला. अगदी अलीकडे, २०१८ मध्ये, लमार जॅक्सनलाही एका बुजुर्गाने रिसीव्हर हो म्हणून जाहीर सल्ला दिला होता. जॅक्सन २०१९ मध्ये एकमताने सर्वोत्तम खेळाडू ठरला. क्वार्टरबॅक म्हणून.

तेव्हा 'मी माझी जागा सोडणार नाही' म्हणणारा प्रत्येक जण मूर्ख नसतो. जिंकला की आपण त्याला करारी म्हणतो, हरला की हेकट. टीबोचा फरक इतकाच की त्याला नकार कातडीच्या रंगामुळे मिळत नव्हता. त्याला संधी मिळाली होती, चार संघांनी दिली होती, आणि चेंडू नेमका पोचत नव्हता. आकडे समोर होते. मून जगाशी भांडत होता. टीबो ४६.५ ह्या आकड्याशी भांडत होता, आणि आकड्यांना कॅनडात जाऊन हरवता येत नाही.

मधल्या काळात तो टीव्हीवर तज्ज्ञ झाला, समाजकार्यात रमला. २०१६ मध्ये चक्क बेसबॉलमध्ये शिरला. न्यू यॉर्क मेट्सच्या खालच्या संघांतून चढत चढत २०१९ मध्ये ट्रिपल-ए म्हणजे मुख्य लीगच्या एक पायरी खाली पोचला, पण तिथे सरासरी .१६३. म्हणजे सहात एक फटका. २०२० चा हंगाम कोविडने खाल्ला आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये त्याने बेसबॉलही सोडलं.

आणि मग घंटा वाजली. जॅक्सनव्हिल जॅग्वार्सनी जानेवारी २०२१ मध्ये नवा कोच नेमला होता: अर्बन मायर. तोच, कॉलेजातला. ह्याच जॅग्वार्सच्या आधीच्या व्यवस्थापकाने २०१३ मध्ये, टीबो इथे येईल अशी मी कल्पनाही करू शकत नाही, अशा अर्थाचं जाहीरपणे सांगितलं होतं. आता टीबोने चाचणी दिली आणि २० मे २०२१ ला करार झाला. एक वर्ष, ९ लाख २० हजार डॉलर, पण हमी एका डॉलरचीही नाही. जागा: टाइट एंड. म्हणजे चौदाव्या-पंधराव्या वर्षी ज्या जागेवरून घर सोडून पळाला होता, तिथेच ३३ व्या वर्षी स्वतःच्या पायाने परत आला. ८५ नंबरचे टी-शर्ट लगोलग विक्रीच्या यादीत सगळ्यात वर.

टीकाही झाली, आणि ती मला रास्त वाटते. सराव शिबिरात ९० जणांना जागा असते. त्यातली एक अशा माणसाला, ज्याने सहा वर्षांत फुटबॉल खेळलेलं नाही आणि ही जागा व्यावसायिक पातळीवर कधीच खेळलेली नाही? कोचचा लाडका म्हणून? लोकांनी कॉलिन कॅपरनिकची आठवण काढली. तो सुपर बोलपर्यंत पोचलेला क्वार्टरबॅक. २०१६ मध्ये वर्णद्वेषाच्या निषेधार्थ राष्ट्रगीताच्या वेळी त्याने गुडघा टेकला, आणि २०१७ पासून एकाही संघाने त्याला करार दिला नव्हता. एक गुडघा टेकून लाडका झाला, दुसरा गुडघा टेकून घरी बसला. गुडघा तोच, अर्थ निराळा.

बरं, चमत्कार का झाला नाही? इथे मला लोगन थॉमसचं उदाहरण सगळ्यात बोलकं वाटतं. हाही कॉलेजातला धिप्पाड क्वार्टरबॅक. २०१४ मध्ये अॅरिझोनाने घेतला. एनएफएलमध्ये त्याने त्या वर्षी नऊ पास फेकले, एकच पोचला. २०१६ च्या सुमारास, पंचविशीत, त्याने हट्ट सोडला आणि टाइट एंड शिकायला बसला. मग चार वर्षं ह्या संघातून त्या संघात. अखेर २०२० मध्ये वॉशिंग्टनकडून ७२ झेल, ६७० यार्ड, सहा टचडाउन. चार वर्षं लागली हो, पंचविशीतल्या माणसाला. टीबोकडे होते बारा आठवडे.

आपल्याला वाटतं धडक मारायला काय अक्कल लागते? लागते. पहिलं पाऊल किती आणि कुठल्या दिशेला, कंबर किती खाली, हात समोरच्याच्या छातीवर आतल्या बाजूने, आणि हे सगळं त्याने तेच करायच्या आत. ही पायातली स्मृती असते, हजारो वेळा केल्यावर येणारी. रवी शास्त्री १९८१ च्या पहिल्या कसोटीत दहाव्या नंबरवर आला आणि १९९२ ला सिडनीत सलामीला येऊन २०६ काढले, हे आपल्याला माहीत असतं. पण शास्त्रीच्या हातात बॅट तीच होती, आणि मध्ये अकरा वर्षं होती. टीबोला इथे बॅट सोडून ग्लव्हज घालायचे होते, तेही चौतिशीत.

१४ ऑगस्टला तो १६ चाली खेळला. एकदाही चेंडू त्याच्याकडे फेकला गेला नाही. १७ ऑगस्टला संघ ९० वरून ८५ वर आणायचा होता, त्यात तो गेला. (८५ नंबरचा माणूस ८५ जणांतही बसला नाही, हा विनोद तेव्हा बराच फिरला.) त्याने कुणालाही दोष न देता, संधीबद्दल आभार मानून निरोप घेतला. मायरला १३ सामन्यांत दोन विजय मिळवल्यावर १६ डिसेंबरला हाकललं. जॅग्वार्सनी १७ सामन्यांत तीन जिंकून हंगाम संपवला. म्हणजे टीबोला ठेवलं असतं तरी काही बिघडलं नसतं, असं आमचा पार्किंगवाला मित्र म्हणतो. असो.

आमच्या धंद्यातही हे रोज दिसतं. दहा वर्षं मॅनेजरकी केलेला माणूस एक दिवस 'मी परत कोड लिहिणार' म्हणतो, ओळखीच्या डायरेक्टरकडून जागा मिळवतो, आणि पहिल्याच कोड रिव्ह्यूत बावीस-तेवीस वर्षांची पोरं त्याच्याकडे ती क्लिप बघितल्यासारखी बघतात. ह्यात त्याची बुद्धी कमी पडत नाही. कमी पडतात ती मधली वर्षं. 'नाही' म्हणायचा हक्क प्रत्येकाला आहे, पण त्या 'नाही'वर व्याज चढत असतं, आणि ते शेवटी एकरकमी भरावं लागतं. टीबोची चूक २०२१ ची नव्हतीच. २०१२-१३ मध्ये तो पंचविशीत होता, लोगन थॉमसच्या वयाचा. तेव्हा नाही म्हटलं, आणि त्याचा हिशोब ब्राउन्सविरुद्धच्या त्या १६ चालींत चुकता झाला.

पण तेव्हा तो हो म्हणाला असता का? ज्या पोराने क्वार्टरबॅक होण्यासाठी घर बदललं, ज्याने हाइझमन घेतली, ज्याने अकरा सेकंदांत स्टीलर्सना घरी पाठवलं, त्याला त्या पंचविशीत कोण सांगणार की तुझं खरं काम दुसऱ्यासाठी वाट मोकळी करायचं आहे? मला कुणी सांगितलं असतं तर मी ऐकलं असतं का, हे मी प्रामाणिकपणे सांगू शकत नाही.

२०२३ मध्ये टीबोची निवड कॉलेज फुटबॉलच्या हॉल ऑफ फेमसाठी झाली. अर्थातच क्वार्टरबॅक म्हणून.

तो १५ नंबरचा टी-शर्ट अजून माझ्या कपाटात आहे. रंग उडालाय, पोटावर घट्ट होतो. मध्यंतरी बायकोने तो बाल्कनी पुसायच्या कपड्यांत टाकला होता, मी हळूच उचलून परत ठेवला. ८५ नंबरचा मात्र घेतला नाही. तोही नंतर सेलमध्ये आला असणारच.